जंतांचं खापर गुळावर

“गूळ एवढा खाऊ नकोस, पोटात जंत होतील.” सातारा-सांगलीकडच्या घरांत हे वाक्य आजी म्हणते, आई म्हणते, दारावरून जाता जाता शेजारची काकूही म्हणून जाते. गंमत अशी, की हा सगळा मुलूखच गोडाचा. सांगलीची गुळाची पेठ जुनी. कराड, वाळवा, पलूसच्या रानात उसाखेरीज दुसरं काही नजरेला पडत नाही, आणि कृष्णाकाठाने निघालं की एका कारखान्याचं धुराडं मागे पडेस्तोवर दुसऱ्याचं दिसू लागतं. गोडाने जंत होत असते, तर इथल्या माणसांना जंतांच्या घरी भाडेकरू म्हणून राहावं लागलं असतं.

तरीही समज टिकून आहे, शिकल्यासवरल्या घरांतही टिकून आहे. त्याच्याकडे काणाडोळा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की समज खोटा असला म्हणून बिघडलं काय? पोरं गोड कमी खातील, निदान दात तरी वाचतील. हे म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं, आणि म्हणूनच ते खोडून काढायला हवं. जंतांचा दोष एकदा पोराच्या जिभेवर टाकला, की परसातल्या मातीची, मैल्याच्या खड्ड्याची आणि नाल्याच्या पाण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. पोराला दटावलं की काम झालं.

मोठा गोल जंत, डॉक्टरांच्या भाषेतला ॲस्कॅरिस, गुळातून किंवा पेढ्यातून जन्माला येत नाही. तो अंड्यातून येतो आणि ते अंडं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणा माणसाच्या विष्ठेतून मातीत पडलेलं असतं. मादी वीत-दीड वीत लांब, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळती. ती दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. सूक्ष्मदर्शकाखाली हे अंडं तपकिरी-पिवळं दिसतं, त्याचं कवच बाहेरून खडबडीत, उंचवट्याउंचवट्यांचं. त्या कवचामुळेच ते मातीत महिनोन्‌महिने, प्रसंगी काही वर्षंही तग धरतं. ताज्या विष्ठेतलं अंडं लगेच कुणाला बाधत नाही. ओलसर, उबदार, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिलं, की आत अळी तयार होते. मग ते पोराच्या नखात, कोथिंबिरीच्या जुडीवर किंवा मुळ्याच्या सालीवर बसून तोंडापर्यंत येतं.

पुढचा प्रवास तर विश्वास बसू नये असा. अळी लहान आतड्यात बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जाते. फुप्फुसातून ती श्वासनलिकेने घशापर्यंत वर चढते आणि खोकल्यासरशी पुन्हा गिळली जाते. दुसऱ्यांदा आतड्यात उतरल्यावर तिचा पुरता जंत होतो. जपानमधले डॉक्टर कोईनो यांनी 1922 मध्ये हे स्वतःच्या अंगावर पडताळून पाहिलं. त्यांनी जंतांची सुमारे 2000 अंडी गिळली. काही दिवसांतच त्यांना ताप आला, खोकला लागला, धाप लागू लागली, आणि त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. पुढे औषध घेतल्यावर शेकडो जंत पडले.

अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. म्हणजे गेल्या आठवड्यात जत्रेत खाल्लेली जिलेबी आज पडलेल्या जंताला कारण असूच शकत नाही. तारखाच जुळत नाहीत.

बरं, गुळाचंच घ्या. गुऱ्हाळावर काहिलीत रस कढतो तेव्हा गूळ उतरवण्याच्या सुमाराला त्याचं तापमान 115 अंशांच्या पुढे गेलेलं असतं. जंताचं अंडं 60-70 अंशांतच मरतं. गावात जंताच्या अंड्यापासून सगळ्यात निर्धोक अशी एखादी जागा दाखवायची, तर ती उकळती काहील. तिथे धोका असेल तो काकवीत बोट बुडवून चाटणाऱ्या पोराच्या बोटाला, काकवीला नाही. आजीने दटावायचंच असेल तर “गूळ खाऊ नकोस” ऐवजी “हात धुऊन ये” म्हणावं. दटावणीची हौसही भागेल.

यावर एक बचाव नेहमी येतो. ठीक आहे, जंत गोडाने होत नसतील; पण पोटात असलेले जंत गोडावर पोसतात ना? हो, पोसतात. पण ते भाकरीवरही पोसतात. भात, ज्वारी, बटाटा, सगळ्यांतल्या पिठुळाची आतड्यात शेवटी साखरच होते, आणि जंत त्याच आतड्यात पोराच्या पंगतीला बसलेला असतो. जंताला उपाशी ठेवायचं तर पोराला उपाशी ठेवावं लागेल. या कोड्यावरचा तोडगा आहे तो अल्बेंडाझोलच्या गोळीत. हे औषध जंताच्या पेशींमधल्या सूक्ष्म नलिका मोडतं, त्यामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो भुकेने मरतो. पोराची साखर न तोडता जंताची साखर तोडायची, एवढंच ती गोळी करते. गोडाला दोष देणाऱ्यांनी खरं तर या गोळीचं सगळ्यात मोठं स्वागत करायला हवं होतं. प्रत्यक्षात बहुतेकदा तेच लोक शाळेतल्या गोळीला नाकं मुरडतात.

समजाला बळ कुठून मिळतं, हेही पाहायला हवं. जंत सगळ्या मुलांत सारखे वाटलेले नसतात. एका वस्तीतले बहुतेक जंत थोड्याच मुलांच्या पोटात असतात. बाकीच्यांत एखाददुसरा, किंवा एकही नाही. त्यामुळे एकाच घरातल्या तीन भावंडांपैकी एकाला औषध दिल्यावर ढिगाने जंत पडतात आणि दोघांना काहीच होत नाही. आता कारण शोधायचं. मातीतलं अंडं डोळ्यांना दिसत नाही, डब्यातला कमी झालेला गूळ दिसतो. मग ज्याला जंत पडले तोच गोडघाशा ठरतो, आणि ज्यांना पडले नाहीत त्यांनी खाल्लेला गूळ कुणी मोजत नाही.

चेहऱ्यावरचे पांढुरके डाग, झोपेत दात खाणं, उशीवर गळणारी लाळ हा जंतांचा पुरावा मानण्याची रीतही अशीच. पांढुरके डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. रात्री गुदद्वाराशी सुटणारी खाज मात्र खरी खूण आहे, पण ती दोऱ्यासारख्या बारीक जंतांची. ते मातीतून नव्हे, तर नखं, अंथरूण आणि चड्डीवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. बाकी निदान करायचं तर शौचाची तपासणी करावी.

आता जड तोफ. चरकाचा हवाला. कृमी होण्याच्या कारणांत चरकसंहितेने दूध, गूळ, तीळ यांची नावं घेतली आहेत, हे खरं आहे, आणि ते लपवण्याचं कारण नाही. चरकाच्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता. जे डोळ्यांना दिसत नव्हतं त्याचा दोष त्याच्यावर टाकणं हा करंटेपणा होईल. पण चरकाच्या नावाने गुळाला झोडपणारे त्याच विमानस्थानातल्या सातव्या अध्यायातला उपचार विसरतात. तिथे तीन पायऱ्या आहेत: आधी कृमी बाहेर काढायचे, मग त्यांना पोसणारी परिस्थिती मोडायची, आणि शेवटी ज्या कारणाने ते झाले ते कारण टाळायचं. आपल्याकडे पहिल्या पायरीवरच शतकानुशतकं मुक्काम पडला. वावडिंग, पळसाचं बी, डिकेमाली, किरमाणी ओवा अशी औषधं बाळगुटीपासून काढ्यापर्यंत वापरली गेली. यातला किरमाणी ओवा तर अगदी भरवशाचा. पाश्चात्त्य वैद्यकाने त्याच्यातून सँटोनिन काढून वर्षानुवर्षं जंतांवर वापरलं. पण कारण टाळण्याच्या तिसऱ्या पायरीवर गूळ तेवढा टाळला, माती तशीच राहिली. कारणांची यादी नव्या माहितीने दुरुस्त केली तर चरकाची तिसरी पायरी आजही जशीच्या तशी लागू पडते.

दुसरा पक्ष आहे आकडेवाल्यांचा. ते म्हणतात, जंत हा जुना विषय झाला. आता गावोगावी शौचालयं आहेत. या म्हणण्यामागे अभिमानाची जागा आहे, ती मान्य करायलाच हवी. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं ते तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. 2018 च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सातारा जिल्हा देशात पहिला आला. हे काम लहान नाही.

पण हागणदारीमुक्तीचा फलक लागला म्हणून जुन्या मातीतली अंडी त्या दिवशी मरत नाहीत. शिवाय एक गोष्ट कुठल्याच फलकावर येत नाही: तान्ह्या आणि रांगत्या मुलांची शी. ती घाण नाहीच, असं मानून कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकली जाते किंवा अंगणाच्या कडेला पाण्याने लोटली जाते. दोन वर्षांच्या मुलाच्या पोटातली मादीही तितकीच अंडी घालते, आणि उकिरड्याचं खत परसातल्या मेथीलाच पडतं. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचंही तसंच. भरलेला खड्डा वर्षभर तरी, शक्यतो त्याहून जास्त, बंद ठेवून मगच उपसायचा असतो. घाईने उपसला तर त्या खतात अंडी जिवंत असतात. आणि सेप्टिक टँक उपसणारी गाडी गावाबाहेर नेमकी कुठे रिकामी होते, हा प्रश्न किती ग्रामसभांत विचारला जातो?

शहरांनी गावांकडे बोट दाखवू नये. सांगलीचं सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत जातं, ही तक्रार कित्येक वर्षांची जुनी आहे. सांडपाण्यावर कच्ची खायची भाजी पिकवायची असेल, तर एका लिटरमध्ये जंतांचं एकाहून जास्त अंडं असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यात महापूर. 2005, 2019, 2021: कृष्णा-वारणेचं पाणी घरात शिरलं तेव्हा शौचालयांच्या टाक्या, गटारं आणि उकिरडे त्याच पाण्यात कालवले गेले. पाणी ओसरल्यावर जो गाळ मागे राहतो, तो निर्मळ असतो असं कुणी समजू नये. ऑगस्टमधली जंतनाशक मोहीम ज्या तारखांना येते, जवळपास त्याच तारखांना 2019 साली सांगलीत होड्या चालत होत्या.

तिसरा पक्ष गोळीविरोधकांचा. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं: एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून, त्यापुढच्यांना 400 मिलिग्रॅमची गोळी, चावून खायची. दर खेपेला कुठे तरी चार मुलांना मळमळतं, पोटात दुखतं, आणि लगेच गोळीतून विषबाधा झाल्याची आवई उठते. ज्या मुलाच्या पोटात जंत जास्त, त्याला हा त्रास जास्त होतो, कारण मरणारे जंत आतड्यात असतात. हा त्रास थोड्या वेळात निवळतो. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये आणि लहानग्याला अख्खी गोळी गिळायला लावू नये, एवढी काळजी मात्र घ्यायलाच हवी. उलट जंतांचं वेटोळं आतड्यात अडकलं तर पोराला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागतं, आणि जंत पित्तनलिकेत शिरला तर त्या कळा ज्याने सोसल्या त्यालाच ठाऊक.

या पक्षातला अभ्यासू माणूस मात्र वेगळं बोलतो, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. तो उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांवरच्या चाचणीचा दाखला देतो. 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले; दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यू घटल्याचं दिसलं नाही. केनियातल्या शाळांमधल्या जुन्या अभ्यासावर 2015 मध्ये तज्ज्ञांत मोठं वाग्युद्ध झालं, तेही तो सांगतो. त्याचं म्हणणं निम्मं पटण्यासारखं आहे. सरसकट गोळी दिल्याने सगळ्या मुलांचं वजन, गुण आणि आयुष्य वाढेल, अशी जाहिरात करणं चूकच. पण त्यातून गोळी बंद करावी हा निष्कर्ष निघत नाही. ज्या मुलाच्या पोटात पन्नास जंत आहेत त्याच्यासाठी ती गोळी हवीच. सरासरीत ते मूल दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. निघतो तो निष्कर्ष असा, की एकटी गोळी पुरत नाही. गोळी दिल्यावर वर्षभरात ॲस्कॅरिसचं प्रमाण जवळपास मूळ पदावर येतं, कारण माती तीच असते.

माणदेशातल्या आणि जतच्या मेंढपाळाला हे कुणी शिकवावं लागत नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्या प्रसिद्ध आहेत. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमाँकस नावाचा गोल जंत पावसाळ्यात फोफावतो. मेंढी झुरते, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. मेंढपाळ काय करतो? पावसाच्या तोंडावर जंताचं औषध पाजतो, चरायची रानं बदलतो, पापणी उलटून पाहतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी पापणीच्या रंगाचा तक्ता करून नेमक्या अशक्त मेंढ्यांनाच औषध देण्याची पद्धत पुढे जगभर नेली. मेंढीला जंत झाले म्हणून तिला “गोड खाल्लंस का?” असं आजवर कुणी विचारलेलं नाही. जनावराच्या बाबतीत आपण कुरणाकडे पाहतो. पोराच्या बाबतीत मात्र त्याच्या हातातल्या पेढ्याकडे. मेंढ्यांकडून आणखी एक धडा घ्यावा: वर्षानुवर्षं तीच ती औषधं सरसकट पाजल्याने जगभर त्यांच्या जंतांना अल्बेंडाझोलच्या जातीची औषधं लागू पडेनाशी झाली आहेत. माणसांचं तसं होण्याआधी मातीकडे वळलेलं बरं.

आणि माती बदलून जंत जातात, याचा पुरावा दूर शोधायला नको. नारूही गोल जंतांच्याच कुळातला, फक्त आतड्याऐवजी कातडीखाली राहणारा. महाराष्ट्रासह सात राज्यांत तो होता. त्याच्यावर ना लस होती ना औषध. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाण्यातले वाहक किडे मारणं, एवढ्यावर 1996 नंतर देशात एकही रुग्ण सापडला नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण तर गूळवाल्यांनी मुद्दाम पाहावं. 1963 मध्ये तिथे एका नऊ वर्षांच्या मुलीच्या आतड्यातून एक हजाराहून अधिक जंत निघाले आणि ती वाचली नाही. 1966 मध्ये कायदा झाला. शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा शौच तपासणी, जंत असणाऱ्याला औषध, आणि मैल्याचं खत शेतात टाकण्यावर हळूहळू पडदा. 1971 मध्ये निम्म्याहून जास्त लोकांना ॲस्कॅरिस होता. 1997 मध्ये हजारात एकालाही नव्हता. त्या पंचवीस वर्षांत कोरियन मुलांनी गोड कमी खाल्लं नाही, चांगलं भरपूर खाल्लं.

राहता राहिला उसाचा फड. दिवाळीच्या आसपास बीड, जालन्याकडून आणि जतसारख्या कोरड्या तालुक्यांतूनही ऊसतोड टोळ्या कृष्णाकाठी येतात. पाचटाच्या कोप्या पडतात. पाणी टँकरचं किंवा कालव्याचं, शौचाला शेताचा बांध. जतच्या तापलेल्या, भेगाळलेल्या रानात जंताचं अंडं उन्हाने वाळून मरतं. वाळव्याच्या पाटपाण्याच्या उसात त्याला हवी तशी ओल आणि सावली मिळते. कोयता चालवणाऱ्या आईच्या मागे दोन वर्षांचं पोर सरीत बसलेलं असतं. मोळीतून घरंगळलेलं कांडं ते चिखलातून उचलतं, दाताने सोलतं, चोखतं. त्याला जंत झाले, की मुकादमापासून बागायतदारापर्यंत सगळे एका सुरात सांगतात: दिवसभर ऊस खातंय, होणारच. कांड्याला लागलेला चिखल कुणाच्या नजरेला पडत नाही, कारण तो पाहिला तर फडावर शौचालय कोणी द्यायचं, कारखान्याने, मुकादमाने की ग्रामपंचायतीने, हा प्रश्न येतो.

10 फेब्रुवारी नेमका गळिताच्या ऐन भरात येतो. त्या दिवशी हे पोर बीडच्या अंगणवाडीतही नसतं आणि वाळव्याच्या पटावरही नसतं. शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीतून गोळी द्यावी, असं सरकारी सूचना सांगतात. पण कोपीवरचं पोर आपणहून अंगणवाडीत चालत येणार नाही. तेव्हा सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदांनी फेब्रुवारीच्या फेरीत कारखान्यांच्या शेतकी कार्यालयांकडून टोळ्यांच्या मुक्कामांची यादी मागवावी आणि आशाताईंना गोळ्या घेऊन कोप्यांवर पाठवावं. कारखान्यांनी फडाजवळ फिरती शौचालयं उभी करावीत, आणि ग्रामसभांनी मैल्याची गाडी कुठे रिकामी होते ते विचारावं.